सरकीची लायब्ररी

माणिकरावांनी ओलं फडकं मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि त्याची घडी उलगडली. आत मोड आलेली सरकी होती. दाणे ओळीत मांडलेले, मोड बोटाच्या पेरापेक्षा लांब.

"शंभर दाणे टाकले होते साहेब. ब्याण्णव उगवलेत. मोजून घ्या," ते म्हणाले. "अन् तुमचा कागद मनतो फेल. माझं भांडण न्हाई. हे जे उगवलंय ते काय हाय, तेवढं सांगा मनजे झालं."

मॅनेजर देशमुख साहेबांनी मोजले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो कागद छापणारा प्रोग्राम मी लिहिला होता आणि त्याच्याबद्दलच्या तक्रारी वाढल्या म्हणूनच मला पुण्याहून बोलावलं होतं.

"बघतो," मी म्हणालो. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ 'चूक तुमच्याच माणसाची निघणार आहे' असा असतो.

त्र्याण्णव सालचा हिवाळा होता. मी पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होतो. मूळचा पूर्णेचा, वडील रेल्वेत फिटर. त्यामुळे परभणीची ऑर्डर आली तेव्हा आमचे डायरेक्टर करंदीकर म्हणाले, "कदम, तुझं घरच आहे तिकडे. लॉजचा प्रश्न नाही." परभणीच्या बाहेर, झरीच्या रस्त्याला एक बियाण्याची कंपनी होती. कंपनी आता नाही, माणसं आहेत, म्हणून नाव सांगत नाही. आसपासच्या गावांतले शेतकरी तिच्यासाठी बियाणं पिकवायचे. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाला एक नंबर मिळायचा, त्याला लॉट म्हणायचे. लॉटमधले शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून लॅबमध्ये ठेवायचे, काही दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजायचे. ज्वारीचे पंचाहत्तर उगवले तर पास, सरकीचे पासष्ट उगवले तरी पास. सरकी म्हणजे कापसाचं बी, हे परभणीबाहेरच्या वाचकांसाठी.

मोजायचं काम लॅब असिस्टंट वाघमारे बाईंचं. मोजलेले आकडे टर्मिनलवर भरायचं कामही त्यांचंच. पुढचं काम माझ्या प्रोग्रामचं: पीक कोणतं, उगवले किती, पास की फेल ते ठरवायचं आणि कागदावर छापायचं. कागदावर आकडा छापायचा नाही, फक्त लॉटनंबर, शेतकऱ्याचं नाव आणि निकाल, अशी कंपनीची पद्धत होती. आकडा दिला की लोक वाद घालतात, असं देशमुख साहेबांचं म्हणणं. तो राहायचा मशीनमधल्या डेटा फाइलमध्ये आणि बाईंच्या लॅबमधल्या वहीत.

आता थोडं तांत्रिक. एक परिच्छेद सोसा.

प्रोग्राम सी भाषेत होता. प्रत्येक पिकाचे नियम वेगळे, आणि ते दर हंगामाला बदलायचे. सगळे नियम एकाच प्रोग्रामात कोंबले तर दरवेळी पुण्याहून सगळं नवीन पाठवावं लागलं असतं. म्हणून मी प्रत्येक पिकासाठी एक वेगळी शेअर्ड लायब्ररी केली होती. लायब्ररी म्हणजे तयार कामांचा वेगळा बांधून ठेवलेला गठ्ठा. शेअर्ड लायब्ररी मूळ प्रोग्रामला कायमची चिकटवलेली नसते. प्रोग्राम चालू असताना गरज पडली की तिला डिस्कवरून मेमरीत आणायचं, याला लोड करणं म्हणतात. काम संपलं की तिला मेमरीतून काढून टाकायचं, ते अनलोड करणं. मशीन ज्या सिस्टीमवर चालायचं त्या युनिक्सच्या नव्या आवृत्तीत ही सोय आलेली होती आणि आमच्या ऑफिसात ती वापरणारा पहिला माणूस मी होतो. हे मी त्या काळात ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत कुणालाही सांगत असे.

त्यातही अनलोडचं मला भारी कौतुक. मशीनमध्ये चार एमबी मेमरी आणि तिच्यावर चार टर्मिनल. आजच्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. म्हणून मी प्रोग्रामला शिस्त लावली होती: नवीन पीक आलं की आधीच्या पिकाची लायब्ररी अनलोड करायची, मगच नवी लोड करायची. एका वेळी एकच लायब्ररी घरात. करंदीकरांनी हे एका क्लायंटपुढे 'ऑप्टिमायझेशन' म्हणून दाखवलं होतं आणि माझी मान चांगली दोन इंच वर गेली होती.

तर माणिकराव गेले, फडकं टेबलावरच राहिलं, आणि मी तपासायला बसलो.

त्यांचा लॉट नंबर घातला. डेटा फाइलमध्ये आकडा होता नव्वद. प्रोग्राम पुन्हा चालवला. निकाल: पास. आधी छापलेला कागद हातात होता, त्यावर फेल. मग मी हंगामातल्या सगळ्या सरकीच्या लॉटचे निकाल एकेक करून पुन्हा काढले आणि छापलेल्या कागदांशी ताडून पाहिले. सात लॉट जुळेनात. चार चांगले लॉट फेल छापलेले, ज्यांच्या तक्रारी आल्या होत्या ते. आणि तीन वाईट लॉट पास छापलेले. त्यांच्या तक्रारी येण्याचं कारण नव्हतं.

ज्वारी, तूर, मूग, सगळं बरोबर. घोटाळा फक्त सरकीत, आणि त्यातही सगळीकडे नाही.

मी देशमुख साहेबांना सांगितलं, "आज फाइलमध्ये जो आकडा आहे त्यावर प्रोग्राम बरोबर निकाल देतोय. म्हणजे छापलं तेव्हा आकडा वेगळा असणार. नंतर कुणीतरी बदलला."

"कुणीतरी म्हणजे?"

"टर्मिनलवर जो बसतो तो."

देशमुख साहेबांनी सातही लॉटची यादी मागून घेतली. पास झालेल्या तीन वाईट लॉटांपैकी एक सोनपेठकडचा होता. वाघमारे बाईंचं गाव त्याच बाजूला. साहेबांनी त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केली.

"असं करा कदम," ते हळू आवाजात म्हणाले. "मला लेखी द्या. दिवस कसले हायेत बघायलात ना. विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा तापलंय. आता मी या बाईला काही बोललो तर बाहेर त्याचा भलताच अर्थ निघतो. पण मशीनचं म्हणणं म्हणून कागद असला की कुणाला बोलायला जागा न्हाई. मशीनला काही जात नसते."

मला तेव्हा या वाक्यात काही खटकलं नाही, हे कबूल करतो. उलट बरं वाटलं, कारण ते माझ्या प्रोग्रामवर विश्वास ठेवत होते. मी आमच्या पुण्याच्या कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या. 'प्रोग्राम तपासला. प्रोग्राममध्ये दोष नाही. निकाल छापल्यानंतर मूळ आकड्यांत बदल झाला असण्याची शक्यता आहे.' खाली सही केली आणि पूर्णेला आईच्या हातचं जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी परत आलो ते फक्त सर्व्हिस रिपोर्टवर शिक्का घ्यायला. साहेब बाहेर गेले होते, पुण्याची गाडी संध्याकाळी होती. मी लॅबच्या बाहेर टर्मिनलजवळ बसून जुना पेपर वाचत होतो. वाघमारे बाई आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. चोविशीतल्या असतील. बी.एस्सी. झालेल्या, नोकरी लागून पाच महिने झालेले. सहा महिन्यांचा प्रोबेशन, म्हणजे महिनाअखेरीला एकतर कायम होणार किंवा घरी जाणार. त्यांच्या हातात एक कागद होता. माझ्या पत्राचा हवाला देऊन सकाळीच त्यांना मेमो दिला होता. 'जाणूनबुजून आकडे बदलल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.'

"सर, हे तुमी लिहून दिलंय का?"

"मी फक्त प्रोग्रामबद्दल लिहिलंय."

"त्याच्यावरून मला हे आलंय."

मी पेपराची घडी घातली.

"मी एकबी आकडा बदललेला न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझे वडील शाळामास्तर हायेत. घरी मी अजून सांगितलं न्हाई. हे खरं निघालं असतं तर मी आपली गुमान गेले असते. पण तुमी तपासलं कसं, तेवढं सांगा."

मी सांगितलं. एकेक लॉटनंबर घातला, निकाल बघितला.

"आमी एकेक न्हाई काढत."

"काय फरक पडतो?"

"ते मला काय माहीत. प्रोग्राम तुमचा हाय. पण तुमी माझ्यासारखं करून बघितलं न्हाई, अन् नाव माझं घातलं."

नाव मी घातलं नव्हतं, पण सही माझी होती. वेळ जात नव्हता, गाडीला अजून चार-पाच तास होते. खरं सांगायचं तर मी ऐकून घेतलं ते एवढ्याचसाठी. गाडी दुपारची असती तर माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्टच नसती आणि त्या बाईंची नोकरी गेली असती.

"दाखवा, कसं करता," मी म्हणालो.

त्यांनी आतून कागदांच्या कार्बन कॉप्या आणि वही आणली. एका छापील कागदावर बारा ओळी असतात. बारा लॉट भरले की प्रोग्राम अख्खा कागद एकदम छापतो, कारण कागद महागाचा आणि अर्धवट छापून वाया घालवायचा नाही. इथवर मला ठाऊक होतं, मीच केलं होतं. मला ठाऊक नव्हतं ते पुढचं.

पुण्यात आम्ही प्रोग्रामची टेस्ट घेतली ती पीकवार. सगळी ज्वारी, मग सगळी तूर, मग सगळी सरकी. कुठल्याही लॅबमध्ये असंच करतील, असं आम्ही धरून चाललो होतो. पण परभणीत त्या हिवाळ्यात नामांतराच्या आंदोलनांमुळे एसटी कधी चालू असेल आणि कधी बंद, याचा नेम नव्हता. मग एका गावातून एकच माणूस यायचा, आणि सगळ्या गावाच्या थैल्या घेऊन यायचा. तोच पुढच्या फेरीला सगळ्यांचे निकाल घेऊन जायचा. त्याला चार कागदांत चार ठिकाणी नावं शोधावी लागू नयेत म्हणून वाघमारे बाई गाववार भरायच्या. एका कागदावर एक गाव. त्यातही सरकी आधी, कारण सरकीची पोती बाहेर मोकळ्यावर पडलेली असायची आणि गोडाऊनवाले निकालाची घाई करायचे. मग ज्वारी, मग तूर.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं करायला?"

"कुणी न्हाई. त्या माणसाला सोपं पडतं मनून." त्यांनी कॉप्या टेबलावर दोन ढिगांत मांडल्या. "आता हे बगा. मोठ्या गावांची नुसती सरकीच बारा-बारा लॉट हाय. त्या कागदांवर एकबी चूक न्हाई. अन् हे दुसरे, ज्याच्यात सरकीसंगं ज्वारी नायतर तूर हाय. यातली सरकी वहीशी जुळवून बगा. सगळी उलटी हाय. सातच्या सात."

"बाई, असं होऊच शकत नाही," मी म्हणालो. "एका लॉटचा निकाल काढताना शेजारी कोण आहे ते प्रोग्रामला माहीतही नसतं."

"मग करून बगा की."

मी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी वहीतून सांगायला सुरुवात केली आणि मी भरत गेलो. सरकी, अठ्ठ्याऐंशी. सरकी, बावन्न. मग ज्वारीचे सहा, तुरीचे चार. बारावी ओळ भरली आणि प्रिंटर सुरू झाला. कागद बाहेर आला. अठ्ठ्याऐंशी उगवलेली सरकी फेल. बावन्न उगवलेली पास. ज्वारी-तूर सगळी जागच्या जागी.

बाईंनी वही मिटून हातात धरली आणि माझ्याकडे बघत बसल्या. त्या काही बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता शोध घेणं आलं. आमची साधी रीत अशी: प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी, 'आत्ता तुझ्याकडे काय आहे' हे पडद्यावर दाखवायला सांगायचं. मी दोन ठिकाणी तसं घातलं. निकाल निघाल्याबरोबर एकदा, आणि कागद छापायच्या आधी एकदा. पहिल्या ठिकाणी अठ्ठ्याऐंशीला पास. दुसऱ्या ठिकाणी त्याच लॉटला फेल. मधल्या वेळात त्या निकालाला कुणी हात लावला नव्हता. मी प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचली. मधे एकच गोष्ट घडत होती: सरकीचं काम संपून ज्वारी आली की सरकीची लायब्ररी अनलोड होत होती.

माझ्या लाडक्या अनलोडपाशी येऊन मी थांबलो.

झालं होतं ते असं. सरकीची लायब्ररी निकाल काढायची आणि मूळ प्रोग्रामला द्यायची. पण 'पास' हा शब्द उचलून हातात द्यायची नाही. तो शब्द तिच्याच जागेत ठेवलेला असायचा, ती फक्त त्याचा पत्ता द्यायची. सी भाषेत याला पॉइंटर म्हणतात आणि सीवाले उठता-बसता हेच करतात. मूळ प्रोग्राम तो पत्ता बारा ओळींच्या तक्त्यात टिपून ठेवायचा आणि कागद भरला की पत्त्यावर जाऊन शब्द वाचायचा. पण तोवर मी सरकीला घराबाहेर काढलेलं असायचं, आणि त्याच रिकाम्या खोलीत ज्वारी राहायला आलेली असायची. भाडेकरू बदलला तरी खोलीचा नंबर तोच राहतो. प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जायचा आणि तिथे नव्या भाडेकरूचं सामान वाचून यायचा.

खोली नुसती रिकामी राहिली असती तर प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळला असता आणि पहिल्याच दिवशी मला कळलं असतं. खोली भरलेली होती म्हणून तो कोसळला नाही, मुकाट्यानं चुकीचं छापत राहिला.

मग ज्वारी आणि तुरीचे निकाल कसे चुकले नाहीत? कारण ज्वारीची लायब्ररी मी आधी लिहिली आणि तूर, मूग तिच्यावरूनच आकडे बदलून उतरवले. तिघींच्या खोल्यांत सामान एकाच जागी मांडलेलं: आधी पास, मग फेल. कोणी कोणाच्या जागी राहायला आलं तरी वाचणाऱ्याला तेच मिळायचं. सरकीचे नियम वेगळे होते म्हणून ती मी शेवटी, घाईत, नव्यानं लिहिली. तिच्यात मी आधी फेल बघितलं, मग पास. इंग्रजीत दोन्ही शब्द चार-चार अक्षरांचे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा नेमका बसला. सरकीनं दिलेल्या पत्त्यावर ज्वारीचं सामान वाचलं की निकाल बरोब्बर उलटा.

हे सगळं मी वाघमारे बाईंना सांगितलं. खोली आणि भाडेकरू ही उपमा त्यांच्यासमोरच सुचली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मनजे नुसतं कागदावर एकच पीक भरलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं," त्या म्हणाल्या.

"नसतं दिसलं."

"अन् बाहेर काढायची गरज होती का, त्या लायब्रीची?"

मी चारही फाइलींचे आकार बघितले. चारही एकत्र मेमरीत ठेवल्या असत्या तरी चार एमबीतला शंभरावा भागही भरला नसता. माझ्या ऑप्टिमायझेशननं वाचवलं होतं ते एवढं.

"नव्हती," मी म्हणालो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. पत्ता टिपण्याऐवजी तो शब्दच आपल्या तक्त्यात उतरवून घ्यायचा, आणि अनलोडची ओळ काढून टाकायची. पहिली दुरुस्ती पुरेशी होती. दुसरी मी रागानं केली.

मग एसटीडी बूथवरून करंदीकरांना फोन केला.

"बग आहे सर. आपल्याकडून."

"किती मोठा?"

"सात निकाल उलटे गेलेत. पास झालेला माल अजून गोडाऊनमध्येच आहे, बाहेर गेलेला नाही. पण मी काल लेखी दिलंय की दोष नाही, आणि त्यावरून इथल्या लॅब असिस्टंटला मेमो गेलाय."

"दुरुस्त झालं ना? मग झालं तर. अपग्रेड म्हणून रिपोर्ट दे. नवी आवृत्ती बसवली, बारा ओळींच्या छपाईत सुधारणा केली, असं. बग हा शब्द लेटरहेडवर यायला नको. आपल्याला अजून दोन बियाणेवाल्यांकडे जायचंय."

"मेमोचं काय?"

"तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे, कदम. तू मॅनेजरला तोंडी सांग."

मी तोंडी सांगितलं. देशमुख साहेब तोवर परतले होते. त्यांच्यासमोर मी बारा ओळी जुन्या प्रोग्रामवर आणि बारा नव्यावर काढून दाखवल्या. माणूस वाईट नव्हता. त्यांनी लगेच गोडाऊनला फोन लावून तीन लॉटची पोती बाजूला काढायला सांगितली आणि माणिकरावांना निरोप धाडला. मेमोचा विषय काढल्यावर मात्र म्हणाले, "ते बघू आपण. खुलासा येऊ द्या तिचा. मग फाइल करून टाकू."

"मेमो मागे घ्यावा लागेल साहेब."

"मागे घ्यायला मला कारण पायजे लेखी. तुमचं कालचं पत्र माझ्या फाइलीत हाय. त्यात मनलंय दोष न्हाई. आज तुमी मनता हाय. मी वरच्यांना काय दाखवू?"

म्हणणं रास्त होतं. मी टाइपरायटरवर बसलो आणि करंदीकर आणि सत्य या दोघांनाही चालेल असं पत्र तयार केलं. 'काही विशिष्ट क्रमाने माहिती भरली गेल्यास तांत्रिक कारणामुळे छापील निकालांत विसंगती उद्भवत असल्याचे आढळून आले असून नव्या आवृत्तीत सुधारणा करण्यात आली आहे.' मला ते छान जमल्यासारखं वाटलं. साहेबांकडे न्यायच्या आधी वाघमारे बाईंना वाचायला दिलं. त्यांचं समाधान होईल, अशी माझी समजूत होती.

त्यांनी दोनदा वाचलं.

"सर, 'विशिष्ट क्रमाने माहिती भरली गेल्यास' मनजे मी भरली तशी ना?"

"हो."

"हे वाचून कुणीबी मनंल, बाईनं उलटसुलट भरलं मनून मशीन चुकलं." कागद त्यांनी टेबलावर ठेवला, मेमोच्या शेजारी. "याच्यात 'जाणूनबुजून' लिहिलंय. तुमच्यात 'विसंगती' लिहिलंय. दोन्ही कागद एकाच फाइलीत ऱ्हाणार. उद्या दुसरा साहेब आला अन् फाइल उघडली, तर त्याला मी कशी दिसंन?"

मी दोन्ही कागद पुन्हा वाचले.

"मला माझं कौतुक नको," त्या म्हणाल्या. "मी भरलेले आकडे बरोबर होते, एवढं एक वाक्य पायजे. बाकी तुमचं तुमी काय बी लिवा."

मला त्यांचा रागच आला थोडा. मग माझाच आला. चोवीस तासांपूर्वी या बाईला चोर ठरवायला मला चार ओळी पुरल्या होत्या, आणि तेव्हा मी शब्द शोधत बसलो नव्हतो.

मी कागद काढला, नवा घातला.

'श्रीमती वाघमारे यांनी भरलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. त्यांची भरण्याची पद्धतही बरोबर होती. चूक प्रोग्राममध्ये होती. तो प्रोग्राम मी लिहिला आहे. माझे कालचे पत्र चुकीचे असून ते मी मागे घेत आहे. ही चूक श्रीमती वाघमारे यांनी शोधून काढली.'

शेवटचं वाक्य त्यांनी मागितलं नव्हतं. पण ते खरं होतं. सही केली, शिक्का मारला, एक प्रत साहेबांना, एक त्यांना, एक पुण्याला. पुण्याची प्रत मी स्वतःच घेऊन गेलो, कारण गाडीची वेळ झाली होती.

मेमो मागे घेतला गेला. महिनाअखेरीला त्या कायम झाल्या. करंदीकर दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले आणि त्या वर्षी सिंगापूरला जो माणूस पाठवला तो मी नव्हतो. ते दोन बियाणेवाले आम्हाला मिळाले, त्यांच्याकडे या पत्राची कुणी चौकशीही केली नाही.

नंतर तीस वर्षं मी याच धंद्यात काढली. लायब्ऱ्या लोड केल्या, अनलोड केल्या. अनलोड करायच्या आधी तिच्याकडून घेतलेलं काही आपण अजून वापरत नाही ना, ते बघावं, हे मॅन्युअलमध्ये पहिल्यापासून लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलंही होतं, त्यामुळे तो काही माझा शोध नाही.

मी शिकलो ते निराळं. त्यानंतर कुठल्याही क्लायंटला 'प्रोग्राममध्ये दोष नाही' असं पत्र मी दिलं नाही. 'मला अजून सापडलेला नाही' असं लिहून देतो. क्लायंटना ते आवडत नाही. एकदोघांनी तर ते वाक्य खोडून परत पाठवलं. मी तेच पुन्हा टाइप करून पाठवलं.